पेन्सिलीएवढी फट

आमच्या उइटहॉर्न गावात कुणी मराठी माणसानं घर घेतलं आणि सत्यनारायण घातला, की लोक भेट म्हणून कुंडी आणतात, चॉकलेटं आणतात, फारच जवळचे असले तर चांदीची समई. आमच्या शेजारचे काका जाळी आणायचे. स्टीलची, बारीक विणीची, सुरळी करून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दारात बूट काढले की तीर्थ नाही, प्रसाद नाही, नमस्कारसुद्धा नाही. सरळ हॉलच्या कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकायचे आणि जमिनीतल्या हीटिंगच्या झरोक्याला डोळा लावायचे. घरची बाई बिचारी शिऱ्याची वाटी घेऊन त्यांच्यामागे उभी.

"काका, प्रसाद घ्या ना."

"थांब जरा. सत्यनारायण कुठे पळून जात नाही. उंदीर पळतो."

मग शर्टाच्या खिशातून पेन्सिल निघायची. पिवळी, बोथट, मागचं रबर झिजलेली. झरोक्याच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी, सिंकखाली नळ जिथून आत येतो तिथे, जिथे म्हणून फट दिसेल तिथे ती पेन्सिल घालून बघायची. आत गेली की मान वर करून जाहीर करायचं, "पेन्सिल जाते तिथे उंदीर जातो." हे वाक्य मी इतक्या घरांत आणि इतक्या स्वयंपाकघरांत ऐकलंय, की एकदा मुलीला झोपवताना माझ्याच तोंडून अंगाईसारखं निघालं.

मला त्यांचा राग यायचा, सांगूनच टाकते. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत. मी घरून काम करत असले की हे मागच्या दारानं हजर. लॅपटॉपवर मीटिंग चाललेली असायची आणि माझ्या पायाशी सत्तरी ओलांडलेला माणूस पालथा पडून टॉर्च मारतोय. "डब्याचं झाकण लागलं नाहीये तुझ्या. ओट्याखाली पोहे सांडलेत. हे आमंत्रण आहे, कळतंय का?" माझा मॅनेजर एकदा स्क्रीनवरून विचारतो, घरी प्लंबर आलाय का. म्हटलं, हो, आलाय, जातच नाहीये.

आमची रांग जुनी आहे. इतरांकडे असतात तसे भिंतीवरचे रेडिएटर आमच्या घरांना नाहीत. कपाटाएवढी एक भट्टी हवा तापवते आणि ती हवा पत्र्याच्या नळांतून फरशीखालून फिरते, प्रत्येक खोलीत खिडकीखालच्या झरोक्यातून वर येते. नळ ज्या पोकळीतून जातात तिला इथे क्रुइपरुइम्टे म्हणतात. माणूस पोटावर सरपटेल एवढीच उंची, खाली ओली वाळू आणि काळोख. सगळ्या रांगेची पोकळी आतून एकमेकांना जोडलेली. एका घरात उंदीर शिरला की तो सगळ्यांचा पाहुणा. बाहेरच्या भिंतीत विटांच्या मधे हवा खेळायला उभ्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात आणि पाहुणे तिथून येतात. मागे आमच्या ह्यांनी त्या फटींत चक्क सिमेंट भरायला घेतलं होतं. काका कुंपणावरून ओरडले, "अरे गाढवा, भिंतीला श्वास हवा! बुजवायचं नाही, गाळायचं. चहाचं गाळणं काय करतं? चहा सोडतं, चोथा अडवतं." आणि प्रत्येक फटीत स्वतः कापलेली जाळीची चिमूटभर घडी बसवून गेले.

जाळी पुण्याचीच हवी. इथली मऊ असते म्हणे, उंदराला खाजवायला बरी. त्यामुळे कुणाचेही आईवडील पुण्याहून यायचे असले की काकांचा फोन गेलाच. बुइटनव्हेल्डर्टला राहणाऱ्या एका मुलीच्या सासूबाईंना त्यांनी बाकरवडीची पाकिटं काढून ठेवायला लावून रविवार पेठेतली जाळी आणायला लावली. विमानतळावर त्या माउलीला बाजूला घेऊन विचारलं, हे काय आहे? त्यांनी खरं ते सांगितलं, उंदरांसाठी. आणखी अर्धा तास गेला.

नवरा माझा हसायचा. "डोंगर पोखरून उंदीर काढणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला," म्हणायचा. मीही हसले असते. पण मला हे सगळं कुठून सुरू झालं ते माहीत होतं.

काका आधी असे नव्हते. आम्ही राहायला आलो तेव्हा पंपांच्या कंपनीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीतले, बोलण्यात तुटक असे इंजिनिअर होते ते. जन्म इथे काढलेला, डच फर्डं बोलायचे, देवळाचं नाव काढलं की "तुमचं चालू द्या" म्हणायचे. घरात बोलक्या होत्या त्या काकू. मला पहिल्या आठवड्यात मेतकूट देणाऱ्या, सायकल शिकताना मी कालव्याच्या कडेला पडले तर माझ्याआधी त्याच रडल्या. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. इथले जिने म्हणजे शिडीच, वर जाणं शक्य नव्हतं. खाली पुढच्या खोलीत पलंग टाकला. त्यांना सतत थंडी वाजायची म्हणून काकांनीच पलंग खिडकीखाली, झरोक्याला चिकटून लावला, म्हणजे गरम हवा अंगावर येईल.

थंडी सुरू झाली, हीटिंग चालू झालं, आणि काकू म्हणायला लागल्या, "उशाशी कुणीतरी खुडबुडतंय."

बोलणं जड झालं होतं त्यांचं, पण शब्द कळायचे. काका म्हणायचे, "काही नाही. लोखंड तापलं की कुरकुरतं."

मी दुपारी मऊ भात घेऊन जायची. एकदा त्यांनी माझं मनगट उजव्या हातानं घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "ऐक." मी ऐकलं. खरंच काहीतरी होतं, बारीक, नखं पत्र्यावर घासल्यासारखं. मी काकांना स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसा मी त्यांच्या डिग्रीलाच हात घातला. "पत्रा प्रसरण पावतो आणि आकुंचन पावतो. शाळेत होतं ना? का तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रा नसतो?" म्हटलं, काका, एकदा उघडून तर बघा. म्हणाले, "तिला वाटेल मला शंका आहे. मग ती रोज उघडायला लावेल. भास असतात तिला, खतपाणी घालू नकोस."

भास हा शब्द त्यांनीच आणला. मग तो मुलीनं उचलला. त्यांची मुलगी लायडस्खेनडाम-फोरबर्गला असते, डच नवरा, दोन मुलं. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. आईच्या पलंगावर बसून ती म्हणायची, "आई, देअर इज नथिंग देअर. इट्स द स्ट्रोक." मग काका हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले आणि बायकोला आवाज ऐकू येतात असं सांगून आले. नवराच सांगतोय म्हटल्यावर डॉक्टर बिचारा काय करणार? गोळ्या दिल्या. रोज संध्याकाळी काका स्वतःच्या हातानं ती पांढरी गोळी काकूंच्या जिभेवर ठेवायचे, वर पाणी. काकूंनी आवाजाबद्दल बोलणं सोडलं. "बघ, गुण आला," काका मला म्हणाले.

थंडी संपायच्या आधी काकू गेल्या. झोपेतच.

दहाव्याचा विधी काकांना नको होता. पण काकूंची इच्छा होती म्हणून मुलीनंच हट्ट धरला. पुण्याचे गुरुजी फोनच्या पडद्यावर, फोन माझ्या हातात, आणि आम्ही दहाबारा मराठी माणसं त्यांच्या मागच्या बागेत कोट घालून कुडकुडत उभी. कुंपणाशी पिंड ठेवला. समोरच्या कौलांवर कावळे होते, इथले असतात तसे छोटे, करड्या मानेचे. बघत होते. उतरत नव्हते.

आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला माहीतच आहे. पिंडाला कावळा शिवेना की जिवंत माणसं अंदाज बांधतात, गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल, आणि मोठ्यानं वचन देतात. आम्हीही द्यायला लागलो. कुणी म्हणालं, वहिनी, तुमची तुळस आम्ही जगवू. कुणी म्हणालं, नातवंडांना मराठी शिकवू. त्यावर मुलगी ओशाळून खाली बघायला लागली. मी म्हटलं, काकू, काकांच्या जेवणाकडे मी बघीन. कावळा मान वाकडी करायचा आणि तिथेच बसायचा. बोटं बधिर झाली आमची. काका एका बाजूला खिशात हात घालून उभे होते, थोतांडावर विश्वास नसलेला माणूस. आणि एकदम ते पुढे आले आणि कौलांकडे बघून म्हणाले, "काय हवंय तुला? बोल की. सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

आवाज फाटका होता त्यांचा.

कावळा उडून गेला. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा, शास्त्रात तशी सोय आहे. उइटहॉर्नात कुठला दर्भ! पलीकडच्या डच मेव्ह्राउच्या, म्हणजे बाईंच्या, वाफ्यातलं लांब पात्यांचं शोभेचं गवत तोडून आणलं, त्याची गाठ मारली आणि काकांनी ती पिंडाला लावली. विधी पार पडला. काकांचा चेहरा मात्र परीक्षेत नापास झालेल्या माणसाचा होता.

नंतर काही दिवसांनी त्यांच्याकडे हीटिंग लावलं की वास यायला लागला. मी डबा द्यायला गेले तर काका पुढच्या खोलीत जमिनीवर बसलेले, झरोका उचकटलेला, बाजूला पेचकस. वर्तमानपत्रावर त्यांनी आतलं सगळं काढून मांडलं होतं. उंदराचं घरटं होतं ते. काकूंच्या जांभळ्या शालीचे धागे, कापूस, शेंगदाण्याची टरफलं, वाळलेली मेलेली पिल्लं. आणि पांढऱ्या गोळ्या. अर्धवट विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, मूठभर.

"गिळतच नव्हती," काका म्हणाले. "मी पाठ फिरवली की थुंकून इथे टाकायची."

मी कपाळावर हात मारून घेतला नि त्यांच्याशेजारी बसले.

"तिला माहीत होतं तिला भास होत नाहीत. आणि मला सांगून उपयोग नाही, हेही माहीत होतं." ते म्हणाले, "मग कावळा कसा शिवेल?"

तिथून सुरू झालं ते सगळं. काकूंची राहिलेली इच्छा त्यांनी शोधून काढली होती आणि ती पुरी करायची त्यांनी शपथ घेतली. आपल्या माणसांच्या कुठल्याही घरात, कुठल्याही झरोक्यात उंदीर राहता कामा नये. आणि ते होतंय हे काकूंना कळायला हवं, म्हणून रोज सकाळी आंघोळ करून भाताची मूद बागेच्या कुंपणाशी ताटलीत ठेवायची आणि तिथेच उभं राहायचं. पाऊस असो, वारा असो, मफलर गुंडाळून उभे. आणि कौलांकडे बघून हिशेब द्यायचे. माझ्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकू यायचं. "काल बुइटनव्हेल्डर्टला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर राहतात, तरी नळाशी फट होती. बसवली जाळी." किंवा, "त्या जोशांच्या पोरीनं पुन्हा झरोक्यावर सोफा ठेवलाय. सांगितलं तिला."

कावळा येईना. दोन तास उभे राहून पाय भरून आले की ते आत जायचे. संध्याकाळी ताटली रिकामी असायची. पण ती कुणी रिकामी केली हे त्यांनी पाहिलेलं नसायचं, म्हणून ते धरायचे नाहीत. "डोळ्यांदेखत शिवला पाहिजे," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूद.

हसू नका. मी हसले नाही कधी. त्या माणसाला बायकोची क्षमा हवी होती आणि ती मागायला त्याला कौलांवरच्या पाखराशिवाय दुसरं ठिकाण उरलं नव्हतं.

पण पुढच्या शरदात आमच्या रांगेत उंदीर माजले. मेव्ह्राउच्या पावाच्या डब्यात, कोपऱ्यावरच्या घरात गादीखाली. आणि एका सकाळी आमची मुलगी रांगत रांगत झरोक्याशी गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन तोंडाकडे नेऊ लागली. मी झडप घातली. लेंड्या. मी तिचा हात चोळचोळून धुतला, ती रडतेय, मी रडतेय. काकांनी एवढ्या जाळ्या लावल्या आणि तरी हे कसं? मग नगरपालिकेचा, म्हणजे खेमेन्टेचा माणूस आला. त्यानं मागच्या बागांमधल्या फरश्या उचकटल्या आणि बिळं दाखवली. म्हणाला, जाळ्या उत्तम आहेत, पण बाहेर कुणीतरी यांना पोसतंय. शिजवलेला तांदूळ. एकदा इतके झाले की कुठूनतरी शिरणारच. मेव्ह्राउ माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, मी बोलते.

खरं तर मी पाहिलेलं होतं. वरच्या खिडकीशी माझं टेबल आहे. काका आत गेले की थोड्या वेळानं त्यांच्या पायरीच्या फरशीखालून एक यायचा, मग दुसरा, आणि भरदुपारी ताटली साफ. मला वाटायचं, असतील एखाददोन. पोरीच्या मुठीत लेंड्या बघितल्यावर माझं डोकं फिरलं. पोरीला कडेवर घेऊन तशीच गेले.

"काका, उंदीर तुमच्या भातावर पोसलेत."

"काहीतरी बोलू नकोस. मी रोज तिथे उभा असतो."

"तुम्ही उभे असता तोवर कुणीच येत नाही. ना कावळा ना उंदीर. राखणदारासारखे उभे राहिल्यावर कोण येणार? तुम्ही आत गेलात की ते येतात. मी रोज बघते वरून. गावभर जाळ्या मारत फिरता आणि घरच्या अंगणात पंगत बसवता! माझ्या पोरीनं आज काय तोंडात घातलं असतं माहितीये?"

ते तुटक काहीतरी बोलतील, पत्रा नि प्रसरण काढतील, असं वाटलं होतं. भांडायच्या तयारीनंच गेले होते मी. ते खुर्चीवर बसले. पोरीचा हात हातात घेऊन तळवा उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे या खेपेलाही मी बघितलं नाही," म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेता येण्यासारखे नव्हते, कारण ते खरे होते.

"उद्या शेवटचं ठेवतो," ते म्हणाले. "तू ये. मला एकट्याला नको."

मी मेतकूट घेऊन गेले. इतके महिने हा माणूस नुसता पांढरा भात ठेवत होता आणि काकूंच्या घशाखाली नुसता भात कधी उतरला नाही. मी मुदीवर मेतकूट घातलं, तूप घातलं. काकांनी ताटली कुंपणाशी ठेवली आणि सवयीनं तिथेच उभे राहिले. मी त्यांना कोपराला धरून आत आणलं आणि काचेचं दार लावून घेतलं. आम्ही दोघं काचेमागे उभे राहिलो.

कौलांवर कावळा होता. काका बोलायला लागले. या वेळी कुठल्या घराचा हिशेब नव्हता. "तू खरं सांगत होतीस," ते म्हणाले. "मला उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. मला हरायचं नव्हतं गं. एवढंच कारण होतं."

कावळा कुंपणावर उतरला. त्यानं मान वाकडी केली, ताटलीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि तिथेच बसला. आणि पायरीच्या फरशीखालून एक उंदीर आला. लहानसा, तपकिरी. भिंतीच्या कडेनं पळत ताटलीपर्यंत गेला, मागच्या पायांवर बसला आणि दोन्ही हातांत शीत धरून खायला लागला. आमच्या डोळ्यांदेखत.

"शिवला," काका म्हणाले.

"काका, तो उंदीर आहे."

"दिसतंय मला. ती उंदीरच म्हणत होती. नाही म्हणणारा मी."

त्यांनी हात जोडले. नमस्कार करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग ते आत गेले, पुण्याच्या जाळीचा शेवटचा तुकडा घेऊन आले आणि त्याच दुपारी पायरीखालचं बीळ बंद केलं. उंदीर तेव्हा आत होता की बाहेर, ते मी विचारलं नाही. ताटली घासून कपाटात गेली.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं, आता हा माणूस सुखानं राहील. पण ते कुणाकडे जाईनासे झाले. लोक विचारायचे, काका आले नाहीत वास्तुशांतीला? रांगेतले उंदीर गेले, मेव्ह्राउनं मला केक आणून दिला, आणि काका पुढच्या खोलीत काकूंच्या पलंगावर झोपायला लागले, झरोक्याशी उशी करून. थंडी आली. एकदा डबा द्यायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. अगदी काकूंनी धरलं होतं तसंच.

"ऐक. कुणीतरी खुडबुडतंय."

मी जमिनीला कान लावला. गरम हवेचा सू सू आवाज होता आणि मधेच पत्र्याचं टिक टिक. बाकी काही नाही. लोखंड तापलं की कुरकुरतं, हे या वेळी अगदी खरं होतं. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"उघडून बघू," म्हटलं.

पेचकस कुठे असतो ते मला ठाऊक होतं. झरोका काढला, टॉर्च मारला, हात कोपरापर्यंत आत घालून चाचपलं. स्वच्छ. काकांनीही हात घालून पाहिला. "नाहीये," ते म्हणाले. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ऐक." पुन्हा उघडलं. त्या अख्ख्या थंडीत मी तो झरोका किती वेळा उघडला असेल देव जाणे. नवरा चिडायचा, तुला दुसरे उद्योग नाहीत का? म्हटलं, नाहीत.

काकांची मुलगी आली, बापाला पलंगावर कान लावून पडलेलं पाहिलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "ही इज हिअरिंग थिंग्ज. जस्ट लाइक आई." मी तिला खाली बसवून गोळ्यांचं सगळं सांगितलं. बापानं तिला ते कधीच सांगितलं नव्हतं. ती खूप रडली. पण तिचंही खरं होतं, तो माणूस एकटा राहण्यासारखा उरला नव्हता. गॅस चालू राहायचा, मागचं दार सताड उघडं. वसंतात तिनं त्यांना आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेलं.

मी भेटायला गेले. नवी कोरी इमारत, चकचकीत, मायेची माणसं. खोलीत हीटिंग फरशीच्या आत पुरलेलं, झरोका नाही, नळ नाही, पत्रा नाही. भिंती गुळगुळीत. काका खुर्चीवर बसले होते, खिशात पेन्सिल. मला ओळखलं त्यांनी.

"बघितलंस का?" म्हणाले. "सगळी खोली तपासली मी. कुठे फट नाही."

"चांगलंय की काका. उंदीर यायची भीती नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी अगदीच ढ असल्यासारखे. पहिल्यासारखे.

"इथे काहीच ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "ती आता कुठून येणार? पेन्सिल जाईल एवढीसुद्धा जागा ठेवली नाही कुणी."

मी उठून खिडकीशी गेले आणि कडी काढली. बाहेर वारा होता, तावदान पुन्हा पुन्हा मिटत होतं. मग मी काकांच्या खिशातून पेन्सिल काढून घेतली, ती खिडकीच्या फटीत आडवी अडकवली आणि तावदान तिच्यावर टेकवलं. गार हवा आत यायला लागली. लांब कुठेतरी कावळे ओरडत होते. काकांनी डोळे मिटले आणि कान तिकडे केला.

नर्स चहा घेऊन आली आणि खिडकीकडे बघून म्हणाली, थंडी येतेय, लावून घेऊ का? मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं, राहू दे तशीच.